रिंगमध्ये उतरण्याआधीच हरवणारे नियम : ऑलिम्पिक बॉक्सिंग आणि ‘मेरिट’चा इतिहास

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : “खेळात कुठे आहे आरक्षण? तिथे फक्त मेरिट चालते.” कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या तरुणांच्या तोंडावर हे वाक्य फेकले जाते. आज आम्ही त्याचीच तपासणी करणार आहोत आणि त्यासाठी मुद्दाम बॉक्सिंग निवडले आहे. दोन माणसे, सारखे वजन, सारखे ग्लोव्हज, एकच रिंग. याहून समान मैदान कुठले दाखवणार? पण प्रश्न रिंगच्या आतला नाहीच. रिंगपर्यंत कोणी पोचायचे हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. महाभारतात कर्ण रंगभूमीवर उतरून अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याच्या बाणांची परीक्षा घेत नाहीत. ते विचारतात, तुझे कुळ कोणते? ती त्या काळातली पात्रता फेरीच होती आणि कर्णाला तिथेच अडवले गेले. एकलव्याची कथा तर सांगायलाच नको. तरीही या देशात उत्तम क्रीडा प्रशिक्षकाला आजही द्रोणाचार्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

आता आधुनिक बॉक्सिंगकडे येऊ. ज्यांना आपण क्वीन्सबेरी नियम म्हणतो, ते १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. नाव एका सरदाराचे, पण लिहिणारा होता जॉन ग्रॅहम चेंबर्स. याच चेंबर्सने १८६६ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लब उभा केला. त्या क्लबने ‘अ‍ॅमॅच्युअर’ म्हणजे हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यात यंत्रकारागीर, हस्तकारागीर आणि मजूर यांना जागा नव्हती. खेळून पैसे कमावणाराच नव्हे, तर हाताने काम करून पोट भरणाराही बाहेर! घाम गाळणाऱ्याला ‘सभ्य’ माणसाच्या शेजारी उभे राहू द्यायचे नाही, हा हिशेब आपल्याला ओळखीचा वाटतो ना? तिथे जात नव्हती, वर्ग होता. पण कुंपण त्याच जातीचे होते.

पुढे १८८० मध्ये इंग्लंडच्या नव्या अ‍ॅथलेटिक संघटनेने मजुरांना वगळणारी ही अट काढून टाकली. तरीही खेळातून पैसा घ्यायचा नाही, ही अट उरलीच. १९०४ मध्ये बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आले ते हीच अट घेऊन. घरी शेती-वाडी असणाऱ्याला ती त्यागासारखी शोभून दिसते. रोजंदारी बुडवून सराव करणाऱ्याला मात्र ती दरवाजा बंद करते. व्यावसायिक बॉक्सरांना ऑलिम्पिकचे दार उघडायला २०१६ साल उजाडावे लागले.

स्त्रियांचे काय? २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपर्यंत त्यांना बॉक्सिंगमध्ये प्रवेशच नव्हता. तो मिळाला तेव्हा पुरुषांना १० वजनगट आणि स्त्रियांना फक्त ३. जागा पुरुषांना २५०, स्त्रियांना ३६. मणिपूरची आदिवासी कन्या मेरी कोम तोवर ४५ ते ४८ किलोंच्या गटांत पाच वेळा जगज्जेती झाली होती, पण ऑलिम्पिकमधला सर्वांत हलका गट ५१ किलोंचा होता. तिला स्वतःचे वजन नियमाच्या मापात बसवावे लागले. तिने तिथेही कांस्यपदक आणले हे तिचे कर्तृत्व. नियमाला त्याचे श्रेय देता येणार नाही. स्त्री-पुरुषांना समान जागा मिळाल्या त्या थेट २०२४ मध्ये पॅरिसला.

नियम कागदावर ठीक असला तरी तो चालवणारे हात कोणाचे, हेही बघावे लागते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधल्या गैरप्रकारांची चौकशी मॅकलॅरेन यांनी केली आणि २०२१ मध्ये अहवाल आला. पंच आणि गुणलेखक हाताशी धरून लढतींचे निकाल फिरवले जात होते आणि त्याची तालीम आधीच्या पात्रता स्पर्धांमध्येच झाली होती, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे काही बॉक्सरांचे ऑलिम्पिक सुरू होण्याआधीच संपले असणार.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१९ मध्ये ५१ किलो गटात ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोमला चाचणीशिवाय पाठवण्याची चिन्हे दिसू लागली. निजामाबादच्या निखत झरीनने थेट क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिले. तिने जागा मागितली नव्हती, लढण्याची संधी मागितली होती. २८ डिसेंबरला चाचणी झाली आणि मेरी कोम ९-१ ने जिंकली. निखत हरली, पण तिचा आग्रह बरोबरच होता. मेरी कोम आणि निखत, दोघीही परिघावरून आलेल्या. आमचा वाद कोणा एकीशी नाही. नाव मोठे असले की नियम वाकतो का, एवढाच आमचा सवाल आहे. हीच निखत २०२२ आणि २०२३ मध्ये जगज्जेती झाली.

यानंतर भारतीय बॉक्सिंग महासंघाने निवड चाचणीची पद्धतच बदलली. शिबिरात काही आठवडे बॉक्सरांचे मूल्यमापन करायचे, सराव लढती, वजनावरचे नियंत्रण, हजेरी अशा बाबींना गुण द्यायचे आणि त्यावर संघ ठरवायचा. २०२३ च्या मार्चमध्ये तीन राष्ट्रीय विजेत्या महिला बॉक्सर याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. निवडलेल्यांपैकी नीतू घंघास त्याच स्पर्धेत जगज्जेती झाली, त्यामुळे पद्धतीच्या बाजूनेही बोलता येते. पण दुसरी बाजू बघा. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलेला अमित पंघल याच गुणांमुळे २०२३ च्या जागतिक आणि आशियाई स्पर्धांना मुकला. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या पात्रता स्पर्धेला नऊ भारतीय बॉक्सर गेले आणि एकालाही कोटा मिळाला नाही. मग बँकॉकच्या शेवटच्या स्पर्धेत पंघलला संधी दिली आणि त्याने कोटा मिळवला. पॅरिसमध्ये तो पहिलीच लढत हरला, हेही सांगितले पाहिजे. त्याने पदक आणायलाच हवे होते, असे आमचे म्हणणे नाही. बंद शिबिरात पडणारे गुण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होणाऱ्या लढतीची जागा घेऊ शकतात का, हा मुद्दा आहे. मुलाखतीच्या खोलीत आपल्या किती मुलांचे गुण असेच कमी होतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मग काय, सगळ्यांना एकच नियम लावला की न्याय झाला? तेही पुरेसे नाही. कॅनडाच्या मँडी ब्युजोल्डचे प्रकरण पाहा. कोरोनामुळे अमेरिका खंडाची पात्रता स्पर्धा २०२१ मध्ये रद्द झाली आणि जागा २०१८-१९ मधल्या स्पर्धांच्या क्रमवारीवरून वाटल्या गेल्या. नियम सर्वांना एकच. पण त्या काळात ब्युजोल्ड गरोदर होती, नंतर बाळंतीण. ती त्या स्पर्धांत उतरू शकली नव्हती, म्हणून क्रमवारीत तिचे नावच नाही. ती क्रीडा लवादाकडे गेली. ३० जून २०२१ रोजी लवादाने निर्णय दिला : गरोदरपणामुळे आणि बाळंतपणामुळे खेळू न शकलेल्या स्त्रियांसाठी निकषांत सोय असलीच पाहिजे. ती टोकियोला गेली आणि पहिल्याच लढतीत हरली. तरीही तिच्या हक्काला बाध येत नाही, कारण तिचा हक्क पदकावर नव्हता, रिंगमध्ये उतरण्यावर होता.

मित्रांनो, हा निर्णय नीट वाचा. ज्यांना त्यांच्या दोषाशिवाय मागे ठेवले गेले, त्यांना मागे असण्याची शिक्षा देता येत नाही. आपण आरक्षणाच्या बाजूने वेगळे काय म्हणतो? बाबासाहेबांनी संविधानात समान संधीच्या हमीलाच जोडून मागास वर्गांसाठी राखीव जागांची तरतूद ठेवली. ती समानतेला दिलेली सूट नव्हती, समानता खरी व्हावी म्हणून केलेली सोय होती.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘खेळात फक्त मेरिट’ म्हणाले, तर त्याला तीन प्रश्न विचारा. नियम आधी लिहून ठेवला होता का? निवड सगळ्यांसमोर झाली का? आणि जो येऊच शकला नाही, तो का आला नाही, हे कोणी विचारले का? या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तेव्हा मेरिटवर जरूर बोलू.

जय भीम!