निळा रंग आला, म्हणजे पाणी शुद्ध झालं?



गेल्या आठवड्यात मुलीचा गुरुग्रामहून फोन आला. "बाबा, आरओ घेऊ की यूव्ही?" तिला सातवा महिना आहे आणि सोसायटीच्या नळाला दोन दिवस पिवळसर पाणी येत होतं. मी मशीनचं नाव सांगण्याऐवजी तिला तिच्या शेजारच्याच शहरातली एक जुनी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

साल १९५५. दिल्लीत यमुनेला पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीचा प्रवाह वजिराबादच्या पंपांपासून दूर, पूर्वेकडे सरकला होता. पंपांच्या थोडं खाली नजफगढ नाला यमुनेला मिळतो. नदीचा जोर नसल्यामुळे नाल्यातलं सांडपाणी उलटं वर चढलं आणि जिथून शहराचं पाणी उचललं जात होतं तिथेच येऊन पोहोचलं. हे लक्षात आल्यावर इंजिनिअरांनी क्लोरीनचा डोस वाढवला. पाणी गाळलं जात होतं, औषधही पडत होतं, नळ चालू राहिले.

आणि क्लोरीननं आपलं काम केलंही. टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. सगळ्यांना वाटलं, निभावलं. मग डिसेंबर उजाडला आणि घराघरांत माणसं पिवळी पडू लागली. जानेवारी संपेपर्यंत उघड कावीळ झालेल्यांची संख्या सुमारे २९,३०० झाली. बहुतेक जण बरे झाले. गर्भवती बायकांमध्ये मात्र मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतं. मुलगी फोनवर गप्प झाली ती इथे.

जंतू मेले आणि आजार मात्र आला, हे कसं? त्यासाठी थोडं मागे जाऊ. १८८४ साली पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलांद यांनी न चकाकवलेल्या चिनी मातीची पोकळ कांडी बनवली. तिच्यातून पाणी झिरपतं, जीवाणू बाहेर अडकतात. आपल्या घरी स्टीलच्या फिल्टरमध्ये जी पांढरी कँडल असायची, तिची ही आजी. १८९२ मध्ये इवानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं रोगट तंबाखूच्या पानांचा रस या कांडीतून गाळला, तरी गाळलेल्या रसानं निरोगी झाड आजारी पडलं. म्हणजे गंमत पाहा, विषाणूंची पहिली ओळखच मुळी 'फिल्टरला न जुमानणारे' अशी झाली!

दिल्लीचा गुन्हेगार असाच एक विषाणू होता, पण तो सापडायला जवळजवळ तीन दशकं लागली. तोवर सगळे त्याला नेहमीची हिपॅटायटिस ए समजत होते. दिल्लीच्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ते तपासले आणि १९८० मध्ये सांगितलं, ही 'ए'ही नाही आणि 'बी'ही नाही. पुढचं पाऊल एका फौजेमुळे पडलं. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांत कावीळ पसरली होती. मिखाईल बालायान या शास्त्रज्ञानं आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. महिन्याभरानंतर त्याला कावीळ झाली आणि त्याच्याच नमुन्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणू दिसला. १९८३ सालची ही गोष्ट. आज आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो.

आता माझी कबुली. त्याच दशकात मी कॅप्टन होतो, एका डोंगरी ठाण्यावर. फौजेत पाण्यासाठी हॉरॉक्सची पेटी असते: सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचे चमचे. कपांत ब्लीचिंगचं द्रावण थेंबाथेंबानं वाढवत घालायचं, अर्धा तास थांबायचं, मग स्टार्चचं औषध टाकायचं. ज्या कपात पहिल्यांदा निळा रंग येईल, तितके चमचे ब्लीचिंग ४५५ लिटर पाण्याला. आमच्याकडे तिसरा कप निळा झाला. मी रजिस्टरवर सही केली. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "साहेब, पाइप संडासाच्या नाल्यातून गेलाय, एकदा बघून घ्या." मी म्हणालो, "निळं आलंय ना? झालं तर." पाच आठवड्यांनी अकरा जवान पिवळे झाले. सगळे बरे झाले, हे माझं नशीब. त्या पोराचं म्हणणं ऐकायला मला दहा मिनिटं लागली असती.

तो विषाणू साधारण ३० नॅनोमीटरचा. कँडलची छिद्रं त्याच्या कितीतरी पट मोठी. आरओचा पडदा त्याला अडवू शकतो, पण सील ढिलं झालं की बाजूनं पाणी सरकतं. यूव्हीला पाणी नितळ लागतं. गढूळ पाण्यात जंतू गाळाच्या आड लपतात. क्लोरीनचंही तेच, घाण जास्त असली की ते घाणीशीच झुंजण्यात संपतं. खळखळून उकळलेल्या पाण्यात मात्र तो टिकत नाही. आणि चव खारट नसेल, टीडीएस ५०० च्या आत असेल, तर आरओ घेऊन बादल्या भरभरून पाणी मोरीत सोडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

मुलीला म्हटलं, बाळंतपण होईपर्यंत पाणी उकळून पी, दात घासायलाही तेच. मशीन नंतर बघू. आधी जावईबापूंना खाली पाठव आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी नि ड्रेनेजचा चेंबर यांत किती अंतर आहे ते मोजायला सांग.

संध्याकाळी फोटो आला. दोन झाकणं शेजारी-शेजारी, मध्ये जेमतेम चार फूट, आणि एका झाकणाला तडा गेलेला. कुठल्या, ते फोटोवरून कळत नव्हतं. मी परत फोन लावला.