गुरखा पलटणीच्या बँडमधली विद्या

‘कदम कदम बढाये जा’ या संचलनगीताचे शब्द वंशीधर शुक्लांचे. धून कॅप्टन रामसिंग ठाकुरी (१९१४-२००२) यांची. धर्मशालेजवळच्या खनियारा गावचा हा मुलगा कोवळ्या वयात पहिल्या गुरखा रायफल्सच्या बँडमध्ये दाखल झाला आणि इंग्रजी कूचधुनींवर त्याचा कान तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात मलायाच्या आघाडीवर जपान्यांच्या हाती सापडल्यावर ते आझाद हिंद सेनेत गेले. साम्राज्याने पढविलेली विद्या त्यांनी साम्राज्यावरच उलटविली!

राष्ट्रगीताची चालही त्यांचीच, असे काही जण सांगतात. हा दावा टिकणारा नाही. ‘जन गण मन’ १९११ सालीच काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात गायिले गेले होते. आझाद हिंदचे ‘शुभ सुख चैन’ त्याच गीतावर बेतलेले. ते बँडसाठी बसविले रामसिंगांनी. हे कामही लहान नव्हे. एकाच सुरावटीतून कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन यांना ज्याचा त्याचा वाटा नेमून देणे किती जिकिरीचे असते, हे वाद्यवृंदात बसलेला कोणीही सांगेल. त्यांच्या थोरवीला उसन्या श्रेयाची गरज नाही.

युद्धानंतर इंग्रज सरकारने ‘कदम कदम’ राजद्रोही ठरवून त्यावर बंदी घातली. आज भारतीय सेनेचे बँड संचलनात हीच धून वाजवितात.