विद्वज्जनांचें झाड

तिवसा हें गांव अमरावती-नागपूर रस्त्यावर आहे. कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागा यांचा हा मुलूख. वैशाखांत येथली भुई तापून भेगाळते. अशा ठिकाणच्या माणसानें कुंडींतल्या जपानी चीड वृक्षाविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. आमच्या तालुक्यांतल्या मोझरीचे तुकडोजी महाराज 1955 सालीं विश्वधर्म परिषदेसाठीं जपानला जाऊन आले, तेव्हां तो देश आम्हांस अगदींच परका नाहीं. परंतु माझ्या विषयाचा धागा त्याहूनही जवळ, शेताच्या धुऱ्यावर आहे. तेथली बाभूळ आपण पाहिली असेल. शेळ्यांसाठीं धनगर हाताला येतील त्या फांद्या तोडून नेतात. खालचें सारें जातें. उरतो एक बारीक, वांकडा बुंधा आणि अगदीं वर पानांचा विरळ झुबका. जपानी लोक ज्या वामनवृक्षाला ‘बुंजिन’ म्हणतात, त्याची आकृति हीच.

बोन्सायच्या बहुतेक प्रकारांत बुंध्याची जाडी, मुळांचा पसारा, फांद्यांचे थर यांविषयीं कडक अटी असतात. बुंजिन प्रकाराला त्या लागू नाहींत. बुंजिन म्हणजे विद्वान, साहित्याचा उपासक. झाडाला हें नांव कां पडलें, त्याची हकीकत चीनच्या इतिहासांत आहे.

1279 सालीं मोंगलांनीं दक्षिण सुंग राज्य बुडविलें. परीक्षा देऊन राजसेवेंत शिरावें, हा तेथल्या विद्वानांचा शतकानुशतकांचा मार्ग. तो बंद पडला आणि 1315 सालीं परीक्षा पुन्हां सुरू होईपर्यंत बंदच राहिला. कित्येकांनीं तर नव्या सत्तेची चाकरी आपण होऊनच नाकारली. झंग सिश्याव नांवाचा असाच एक विद्वान राज्य गेल्यावर ऑर्किडचीं चित्रें काढी, पण मुळांखालीं माती दाखवीत नसे. भूमीच परक्यांनीं नेली, तर मुळें रोवावयाचीं कशांत, असा त्याचा भाव. त्याचें 1306 सालचें एक चित्र आज ओसाका येथील संग्रहालयांत आहे. त्याच्या मागून आलेला नी त्सान (1301–1374) हा धनाढ्य घरचा. देशांत बंडाळी माजली, तेव्हां त्यानें घरदार सोडलें आणि ताई सरोवराच्या परिसरांत नावेंतून फिरत राहिला. घर सोडण्यापूर्वींच, 1345 सालीं, त्यानें काढलेलें एक चित्र ‘सहा सज्जन’ या नांवानें प्रसिद्ध आहे. ओसाड कांठावर सहा झाडें, मधें पाणी, दूर टेकड्या. माणूस एकही नाहीं. त्या सहांत एक चीड आहे. शाई कोरडी आणि रेषा मोजक्या.

पुढें 1679 सालीं चीनमध्यें ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या अर्थाच्या नांवाचा चित्रकलेचा एक सचित्र ग्रंथ निघाला. झाड कसें काढावें याचे त्यांत नमुने होते. हा ग्रंथ जपानांत पोंचला. त्या काळीं जपानी माणसास देशाबाहेर जाण्याची बंदी होती; तेव्हां क्योतो येथील इके नो ताइगा (1723–1776) किंवा चित्रकार आणि हायकूकार बुसोन (1716–1784) यांनीं चीन पाहिला तो चित्रांतून आणि पुस्तकांतूनच. त्यांचें राज्य कोणी नेलें नव्हतें, कीं त्यांना कोणी पदावरून काढलें नव्हतें. दुःख चीनचें होतें. जपाननें त्याची फक्त रेषा घेतली. मला ही उसनवारी मुळींच कमी प्रतीची वाटत नाहीं. पानांचा चहा घेत जमलेल्या रसिकांच्या बैठकींत असलीं चित्रें टांगलेलीं असत, आणि शेजारीं कुंडींत झाडही असे. हळूहळू झाडानें चित्राचें रूप घेतलें.

या कामासाठीं जपानांत तांबड्या सालीचा चीड विशेष पसंत करतात. दाट रानांत सांवलीमुळें चिडाच्या खालच्या फांद्या आपोआप वाळून गळतात. कुंडींत तें काम कात्रीला करावें लागतें. तांब्याची तार तापवून मऊ करून बुंध्याला गुंडाळतात व त्याला वळण देतात. ती सालींत रुतण्यापूर्वीं काढली नाहीं, तर वळ कायमचे राहतात. वसंतांत शेंड्यांवर मेणबत्त्यांसारखे कोंब उभे राहतात, ते चिमटून आंखूड करावयाचे. शरदांत जुन्या सुया बोटांनीं उपटावयाच्या, म्हणजे आंतल्या कळ्यांना उजेड मिळतो. मेलेली फांदी सोलून तिला चुना-गंधकाचें पाणी लावतात. ती हाडासारखी पांढरी होते. कुंडी लहान, बहुधा गोल आणि ओबडधोबड असते. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे बुंध्याला सापासारखीं सारख्या अंतरावर वळणें देणें. वारा, बर्फ किंवा कोसळलेली दरड यांपैकीं कशानें तो वांकला, हें वळणाकडे पाहून कळलें पाहिजे.

मीं एकदां कुमाऊंकडून चिडाचें रोप आणलें होतें. पहिल्याच हिवाळ्यांत उत्साहाच्या भरांत एकदम निम्म्याहून अधिक हिरवें कापलें, तारही घातली. वैशाखांत तें वाळलें. उन्हाला दोष देणें सोपें होतें, पण पानेंच न ठेवल्यावर झाडानें जगावें कशावर? वजाबाकीची ही कला मीं त्या दिवशीं नुसत्या कात्रीनें केली होती.

आतां माझ्या कुंडींत धुऱ्यावरच्या बियांतून आलेली बाभूळ आहे. बुंध्याला मीं तार लावलेली नाहीं. एका पावसाळ्यांत शेळीनें शेंडा खाल्ला, तेथून ती आपणच वळली. वर तीन फांद्या आहेत. त्यांतली डावीकडची ठेवावी कीं काढावी, हें दोन वर्षें ठरत नाहीं. ज्येष्ठाचा पाऊस पडूं द्या, मग पाहूं.