विमानातून मोटारीत : प्रेमकादंबरीची कुळकथा

भालचंद्र नेमाडे मूळचे सांगवीचे, म्हणजे आमच्या फैजपूरच्याच यावल तालुक्यातले. मराठी कादंबरीच्या त्यांनी तीन वाटा सांगितल्या : 'यमुनापर्यटन'ची वास्तवाची, 'मुक्तामाले'ची रंजनाची आणि 'मोचनगड'ची ऐतिहासिक. दुपारी घरची माणसं केळीच्या बागेकडे गेली की खाटेवर आडवं होऊन वाचायची ती प्रेमकादंबरी दुसऱ्या वाटेची. नेमाड्यांनी माप पहिलीच्या पदरात टाकलं. वाचकांनी दुसरी सोडली नाही.

तिचं कूळ जुनं. विधवांच्या दुःखावरचं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. चारच वर्षांत ताटातूट, संकटं, शेवटी मीलन असा सगळा मसाला तयार!

खरी गंमत नारो सदाशिव रिसबुडांच्या 'मंजुघोषे'त (१८६८). प्रस्तावनेत ते सरळ सांगतात की, आपल्याकडच्या लग्नाच्या चालींमुळे रोजचं आयुष्य लिहिलं तर त्यात रस येत नाही. रंजन करायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं. खरंच आहे. आठव्या-दहाव्या वर्षी बाशिंग बांधल्यावर प्रेमात पडायचं कधी? म्हणून कथेत विमान उडालं.

ते खाली उतरवलं ना. सी. फडक्यांनी. 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) आल्या तोवर मुली कॉलेजात जाऊ लागल्या होत्या; प्रेमाला विमानाची गरज उरली नव्हती, मोटार पुरे होती. १९३६ च्या डिसेंबरात फैजपुरात नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर ठराव झाले. फडक्यांच्या भरभराटीचा काळही तोच. यात विसंगती दिसते ती टीकाकारांना. दिवसा घोषणा देणारा माणूस रात्री कंदिलाशी प्रेमकथा वाचूच शकतो.

पुढे भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांचे दिवस आले. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, चंद्रकांत काकोडकर. पुठ्ठा बांधलेली, पानांचे कोपरे दुमडलेली ही पुस्तकं घरोघर फिरली. काकोडकरांच्या 'श्यामा' कथेवरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला.

घरातल्या जुन्या ट्रंकेत अशी एखादी कादंबरी सापडली, तर रद्दीवाल्याला देऊ नका. आधी वाचा, मग गावच्या वाचनालयात नेऊन द्या.