घरी मिळालेले गुण

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, पारखायचे विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली, तेव्हापासून आपली सारी भिस्त परीक्षागृहावर आहे. पुढे 'बहिःस्थ' हा शब्द रूढ झाला. त्यातील 'बाहेर' आम्हां प्राध्यापकांच्या मनात अधिक घट्ट बसले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, तरी ते गेले नाही. मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष आहेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाला २०२२ च्या सप्टेंबरातही पुन्हा सांगावे लागले.

या अविश्वासाची खरी कसोटी २०२१ साली लागली. दहावीची परीक्षा रद्द झाली आणि गुण ठरले ते असे : नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३०, तोंडी व प्रात्यक्षिकाचे २०. निकाल लागला ९९.९५ टक्के. साहजिकच थट्टा झाली. अकरावीसाठी शासनाने योजलेली सामाईक प्रवेश परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द ठरविली, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना ते गैर वाटले होते. (त्याआधी, २०२० साली, कृषी शिक्षणातील काही गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा उमटला होता. आम्ही तो मनातल्या मनात उमटवीत होतो, इतकाच फरक.)

कोहमारा हे सडक अर्जुनी तालुक्यातले, मुंबई-कोलकाता महामार्गावरचे गाव. गोंदियाहून येणारा रस्ता इथेच महामार्गाला मिळतो. चौफुलीवरून आत वळले की जंगल आणि धानाची शेते लागतात. या टापूतील मुलांच्या लेखी ऑनलाइन वर्ग म्हणजे घरातला एकुलता एक मोबाइल, तोही बाबा शेतातून परतल्यावर हाती येणारा, आणि रेंज मिळेल ते ठिकाण. अशा वर्गातून आलेली भरघोस टक्केवारी पाहून आम्ही भुवया उंचावल्या, हे कबूल करायला हवे.

हीच मुले २०२३ साली बी.ए.ला आली, बारावीची परीक्षा केंद्रावर बसून देऊन आली होती. तरीही दहावीची गुणपत्रिका पाहताच आमच्यातील एकाने विचारले, "कोरोनाची बॅच ना?" समोरची मुलगी संकोचली नाही.

"सर, त्यात पन्नास गुण नववीचे आहेत. नववीला आमची शाळा सुरूच होती."

हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. टाळेबंदी लागली ती मार्च २०२० मध्ये, नववीचे वर्ष सरता सरता. त्या वर्षाची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली, पण पहिल्या सत्राचे पेपर तिने फळ्यासमोर, बाकावर बसून लिहिले होते. ज्या गुणांना आम्ही 'ऑनलाइन' म्हणून हिणवीत होतो, त्यांतील निम्म्यांचा पाया वर्गातच घातलेला होता. उरलेले तिने मोबाइल हाती येण्याची वाट पाहत मिळविले. आम्ही तिच्या अर्जावर पेन्सिलीने केलेली खूण खोडली आणि पुढच्या अर्जांवरच्या खुणाही पुन्हा तपासायला घेतल्या.