वादी वुराया : वाट सापडली आणि दार मिटलं

मंडळी, ‘वादी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला की आपल्या कानाला तो ‘वाडी’ वाटतो आणि डोळ्यांसमोर नारळी-पोफळी येतात. अरबीतली वादी म्हणजे मात्र डोंगरातली नदीची घळ. बहुतेक वाद्या वर्षभर कोरड्या असतात. नुसते दगडगोटे, आणि वर डोंगरात पाऊस झाला की बघता बघता लोंढा. पण बारमाही पाणी आणि धबधबा असलेली वादी कुठली, असं विचारलं की इथली जुनी मराठी मंडळी एकच नाव घेतात : फुजैराची वादी वुराया. दुबईहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मसाफी, खोर फक्कान आणि बिदिया यांच्या मधल्या डोंगरात लपलेली.

आधी त्या डोंगराबद्दल थोडंसं. अरबीत ‘हजर’ म्हणजे दगड, म्हणून हे हजर पर्वत. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. हजरचा हा भाग त्याहून जुना, साडेनऊ कोटी वर्षांच्या घरातला, आणि तो चक्क समुद्राचा तळ आहे! महासागराखालचा खडक जमिनीवर रेटला गेला, त्याचे हे काळपट-तपकिरी डोंगर. पावसाचं पाणी त्याच्या भेगांमधून मुरतं आणि खाली वुरायासारख्या घळीत झऱ्याने बाहेर येतं. म्हणूनच वाळवंटाच्या देशात इथे मासे आहेत, बेडूक आहेत, आणि या देशात रानात उगवणारं एकमेव ऑर्किडही आहे. रात्री फिरणारा ब्लॅनफर्डचा कोल्हाही इथला रहिवासी. ज्याच्या नावाने हा कोल्हा ओळखला जातो, तो विल्यम ब्लॅनफर्ड भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला. आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थरावर त्याने एकोणिसाव्या शतकात अभ्यास केला होता. जग लहान आहे म्हणतात ते असं.

इतिहासात मात्र नाव झालं ते किनाऱ्याचं. १५०७ साली अफोन्सो द अल्बुकर्क खोर फक्कानला आला आणि त्याने गाव जाळलं. तिथे घोड्यांच्या मोठ्या पागा होत्या, कारण या बंदरातून हिंदुस्थानात घोडे जात. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला अरबी घोड्यांची केवढी गरज, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. तीनच वर्षांनी, १५१० मध्ये, याच अल्बुकर्कने गोवा घेतला. म्हणजे आपल्या गोव्याच्या इतिहासाचं आधीचं पान इथे, आपण मुलांना घेऊन पोहायला जातो त्या किनाऱ्यावर आहे. घळीतल्या पाण्याकडे मात्र जात होते ते शेळ्या राखणारे आणि खजुराच्या बागा सांभाळणारे डोंगरातले लोक. बाहेरच्यांना तिथे वाटच नव्हती.

वाट नव्हती हे अगदी शब्दशः. ब्रिटिशांनी फुजैराला वेगळं राज्य म्हणून मान्यता दिली ती १९५२ मध्ये. त्या काळी दुबईहून फुजैरा म्हणजे कोरड्या वाद्यांच्या पात्रातून उंटाने किंवा लँडरोव्हरने धक्के खात जाणं. खिशात पैसे मात्र आपले, कारण १९६६ पर्यंत या भागात भारतीय रुपयाच चालत होता (शेवटची काही वर्षं आखातासाठी वेगळा छापलेला). १९७१ मध्ये संघराज्य झालं, सत्तरच्या दशकात डोंगर फोडून डांबरी रस्ता पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला, आणि मग आपण सगळे पोचलो. २०११ च्या डिसेंबरात शेख खलिफा महामार्ग झाला आणि सकाळचा चहा दुबईत घेऊन दुसरा फुजैरात घेता येऊ लागला.

२००६ च्या आधीच्या शुक्रवारच्या सहली ज्यांना आठवतात त्यांना वेगळं सांगायला नको. तीन-चार गाड्या, डिकीत वडे, दशम्या, चटणी, लसणाच्या वासाने कावलेली मुलं. धैदच्या पुढे मसाफीच्या रस्त्यावरचा फ्रायडे मार्केट (तो रोजच उघडा असतो, नाव मात्र शुक्रवारचं!), तिथे भाजलेली कणसं, आणि गालिच्याच्या भावावर बायकांनी केलेली घासाघीस. मग डांबर सोडून खडीवर गाडी. आम्ही एकदा गेलो तेव्हा मुलं पाण्यात पाय सोडून बसली, आणि बोटभर मासे पायांना लुचायला लागले तशी किंचाळत उठली. वर पाहिलं तर धबधब्याशेजारच्या खडकावर रंगाने लिहिलेली नावं. अरबी, इंग्रजी, मल्याळी, उर्दू, आणि त्यांत ठळक देवनागरीसुद्धा. सिंहगडावर नावं कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. इथे आपल्याच लिपीतलं नाव बघून आमच्या गटातली आजी एवढंच म्हणाल्या, “एवढ्या लांब येऊन हेच का लिहायचं होतं?” खाली कोळशाचे ढीग, प्लास्टिकच्या बाटल्या, हाडं.

२००६ मध्येच फुजैरा नगरपालिका आणि एमिरेट्स वाइल्डलाइफ सोसायटी यांनी या घळीची शास्त्रीय पाहणी सुरू केली. तीनशेहून अधिक जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या. अरबी ताहर, म्हणजे कड्यांवर राहणारा दुर्मिळ रानबोकड, इथे आहे हेही कळलं. मार्च २००९ मध्ये फुजैराच्या शासकांनी क्षेत्र संरक्षित जाहीर केलं. देशातलं हे पहिलंच पर्वतीय संरक्षित क्षेत्र. २०१० मध्ये १२,७०० हेक्टर जागा रामसर यादीत गेली, दुबईच्या रास अल खोरनंतरची देशातली दुसरी. २०१८ मध्ये युनेस्कोचा जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला. पण आपल्या दृष्टीने खरी तारीख २०१३ ची अखेर : कचरा, शेकोट्या, रंगकाम आणि चोरटी शिकार यांना कंटाळून घळ लोकांसाठी बंद करण्यात आली.

तेव्हा आपल्या गटांमध्ये बरीच कुरकुर झाली. “आमच्या मुलांना या देशात एकच धबधबा दाखवायचा होता, तोही गेला.” तक्रार खोटी नव्हती. इथे जन्मलेल्या मुलांना निसर्ग म्हणजे मॉलमधलं मत्स्यालय वाटू नये, ही आईबापांची धडपड मला पूर्ण समजते. तरी माझं मत विचाराल तर बंद केलं ते बरोबर केलं. एकेका शुक्रवारी शंभर कुटुंबं उतरली तर पाण्याच्या त्या बारक्याशा धारेवर काय बेतणार? आपण व्हिसाच्या मुदतीने राहणारी माणसं. त्या माशांना दुसरं पाणी नाही.

हल्लीचे नियम बदलत असतात, तेव्हा जायचं मनात आलं तर आधी फुजैराच्या अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. आणि पावसाचा इशारा असेल तर कुठल्याच वादीत गाडी घालू नका. २०२३ पासून त्याला जबर दंड आहे, वाहत्या पाण्यात शिरलात तर गाडीही जप्त होते. त्याऐवजी बिदियाला जा. रस्त्यालगतच पंधराव्या शतकातली छोटीशी मशीद आहे, देशात उभी असलेली सर्वांत जुनी. चार घुमट, मधे एकच खांब, छताला लाकूड नाही. मागच्या टेकडीवरच्या बुरुजापर्यंत मुलं धावत चढतात. तिथून एका बाजूला समुद्र दिसतो, दुसऱ्या बाजूला ते काळे डोंगर, आणि वुराया त्यांच्याच आत कुठेतरी आहे.