नेम धरणे आणि नेम पाळणे

इटारसीहून नागपूरकडे येणारी आगगाडी सातपुड्याचा घाट उतरली की पांढुर्ण्याच्या अलीकडे तिगावचे स्टेशन लागते. राज्य मध्य प्रदेश, जिल्हा २०२३ सालापासून पांढुर्णा. परंतु घराघरांतली बोली मराठी. ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला की शेतात मचाण उभे राहते आणि पाखरे हाकलण्यासाठी गोफण फिरू लागते. गोफणीचा धोंडा हवा तिथे पडला म्हणजे ‘काय नेम धरला!’ असे लोक म्हणतात. त्याच घरातली म्हातारी एकादशीला अन्न घेत नाही, तेव्हा ‘तिचा तो नेम आहे’ असेही म्हणतात. शब्द एकच, अर्थ दोन. एक नेम धरावयाचा असतो, दुसरा पाळावयाचा असतो. पिस्तुलाच्या नेमबाजीला खेळाचे रूप कसे आले, ह्याचा इतिहास पाहू गेल्यास तो ह्या दोन अर्थांच्या गाठीभेटीचा इतिहास आहे, असे दिसून येते.

नुसता नेम असून भागत नाही, हे ह्या परिसराला शिकवावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांच्यामध्ये गोटमार होते. नदीच्या मध्यभागी रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड सुटतात. हातांत बळ असते, डोळ्यांत नेम असतो, गावाचा अभिमानही असतो. परंतु संध्याकाळपर्यंत शेकडो माणसे जखमी होतात, आणि कैक वर्षी माणसे दगावलीही आहेत. समोर माणूस उभा असेल तर नेम जितका अचूक तितकी इजा मोठी. ह्याच्या उलट, नेम अचूक असावा आणि इजा कोणासही होऊ नये, हे जेथे साधते तेथेच खेळ सुरू होतो.

पिस्तुलाचा जन्म काही खेळासाठी झालेला नाही. युरोपात ते सैनिकाच्या कमरेला होते आणि मानी पुरुषांच्या द्वंद्वयुद्धातही होते. ती चाल इंग्रजांबरोबर हिंदुस्थानातही आली. १७८० साली कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलातील फिलिप फ्रान्सिस हे दोघे पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले होते. फ्रान्सिस जखमी झाला, हेस्टिंग्ज बचावला, आणि वाद होता तेथेच राहिला.

आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक बॅरन पिएर द कुबेर्तँ हे स्वतः चांगले पिस्तुलबाज म्हणून ओळखले जात. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा नेमबाजीच्या पाच स्पर्धा झाल्या आणि त्यांतल्या तीन पिस्तुलाच्या होत्या. अमेरिकेच्या जॉन आणि समनर पेन ह्या दोघा भावांनी त्यांपैकी दोन सुवर्णपदके आपसात वाटून घेतली. परंतु तिसऱ्या स्पर्धेत त्यांना भाग घेता आला नाही. त्यांच्या पिस्तुलांची नळी ठरलेल्या मापाची नव्हती. म्हणजे ऑलिंपिकच्या पहिल्याच वर्षी पंचांनी माणसाच्या आधी हत्यार मोजले, आणि ते मापात बसत नाही म्हणून उत्तम नेमबाजांना बाजूस सारले. ह्या खेळाची पुढची सगळी वाटचाल त्या एका निर्णयातच दिसते.

तरीही द्वंद्वयुद्धाची सावली सहजासहजी सरली नाही. १९०६ साली अथेन्सलाच भरलेल्या खेळांत लांब कोट घातलेल्या पुतळ्यांवर पिस्तुले झाडण्याची स्पर्धा ठेवलेली होती. पुढे पुतळे गेले, पण जलद नेमबाजीच्या लक्ष्यावर माणसाची काळी आकृती कित्येक दशके राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तीही काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी वर्तुळे आली. कागदावरचा माणूस पुसला गेला, हा बदल दिसावयास लहान. परंतु पिस्तूल शस्त्रागारातून क्रीडांगणावर आले त्याची ती शेवटची पायरी होती.

त्या काळ्या आकृतीच्याच दिवसांत कारोली टाकाच नावाचा एक हंगेरियन सैनिक होऊन गेला. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. पिस्तूल एकाच हाताने, आधाराविना धरावयाचे, हा ह्या खेळाचा दंडक. पण तो हात कोणता असावा हे नियमाने सांगितलेले नाही. टाकाचने डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९४८ साली लंडन येथे व १९५२ साली हेलसिंकी येथे जलद नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविले. नियम माणसाची वाट अडवतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. येथे त्याच नियमाने अपंग झालेल्या माणसाला बरोबरीची जागा दिली.

भारतात ह्या खेळाची वाट निराळ्या कारणाने अडली होती. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रास्त्रांचा कायदा झाला आणि सामान्य हिंदी माणसाच्या हातून हत्यार गेले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. चांदमारी हा शब्द गावोगावी राहिला, पण ती चांदमारी पलटणीची आणि पोलिसांची. शिकार राहिली, पण ती संस्थानिकांची आणि साहेबांची. नेमबाजी म्हणजे थोरामोठ्यांचा शौक, ही समजूत अशी रुजली.

ही समजूत मोडण्याचे काम ज्या माणसाने अंगावर घेतले, त्याचे नाव ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब, म्हणजेच गणेश वासुदेव मावळंकर, हे मूळचे कोकणातल्या मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म १८८८ साली बडोद्यास झाला आणि वकिली अहमदाबादेस बहरली. ते गांधीजींचे अनुयायी. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा कारावास भोगला. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली ती ह्याच गृहस्थांच्या पुढाकाराने, आणि तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले. अहिंसेची दीक्षा घेतलेल्या माणसाने बंदुकीच्या संघटनेचे अध्यक्षपद घ्यावे, ह्यात वरवर पाहता विसंगती आहे. परंतु विचार केल्यास तिचा उलगडा होतो. भर सभागृहात वाद कितीही पेटला तरी तो नियमाच्या चौकटीत राहिला पाहिजे, हे पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हत्यारासाठीही अशीच चौकट असू शकते हे कळणे स्वाभाविक होते. १९५६ साली दादासाहेब वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेतून नव्या नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेची वाट मिळत आली आहे. १९५९ साली स्वतंत्र भारताने स्वतःचा शस्त्र कायदा केला आणि १८७८ चा कायदा इतिहासजमा झाला.

आता ही चौकट प्रत्यक्षात कशी आहे ते पाहू. नवशिक्याची सुरुवात बहुधा हवेच्या पिस्तुलापासून होते. ह्यात दारू नसते. दाबून भरलेली हवा साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. लक्ष्य १० मीटरांवर, आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. नळीवरच्या पुढच्या माशीत आणि मागच्या खाचेत जेमतेम दीड वीत अंतर असते. त्यामुळे माशी खाचेत एका मिलिमीटरने सरकली तर छर्रा लक्ष्यावर सुमारे तीन सेंटिमीटर दूर पडतो. दुर्बीण लावता येत नाही. माशी, खाच आणि डोळा, एवढेच साहित्य.

पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमांहून अधिक चालत नाही. ते ४२० मिलिमीटर लांब, २०० मिलिमीटर उंच आणि ५० मिलिमीटर रुंद अशा पेटीत बसले पाहिजे. चाप ओढण्यास किमान ५०० ग्रॅमांचा जोर लागला पाहिजे. हे पाहण्याची रीत अगदी साधी आहे. नळी आकाशाकडे करून चापाला ५०० ग्रॅमांचे वजन अडकवतात आणि पिस्तूल उचलतात. वजन जमिनीवरून उचलले गेले आणि चाप सुटला नाही म्हणजे पिस्तूल पास. चाप फार हलका असेल तर नुसत्या स्पर्शाने गोळी सुटेल, आणि मग कस लागेल तो कारागिराचा, नेमबाजाचा नव्हे. लाकडी मूठ हाताच्या घडणीप्रमाणे कोरून घेण्यास मुभा आहे, पण तिने मनगटाला टेका देता कामा नये. पिस्तुलाच्या हातात आधार होईल असे घड्याळ किंवा कडे नको. जोडा घोट्याच्या वर जाणारा नको. ज्या ज्या ठिकाणी वस्तू माणसाचे काम करू लागेल, त्या त्या ठिकाणी नियमाने रेघ ओढलेली आहे. ६० नेम आणि ७५ मिनिटे. बाकी सारे श्वासावर आणि मनावर.

२५ मीटरांच्या स्पर्धेत हत्यार बदलते. येथे ५.६ मिलिमीटरची, म्हणजे सामान्य बोलीतील ‘पॉइंट टू टू’ची, काडतुसे असतात आणि चापाचा जोर किमान १००० ग्रॅम लागतो. महिलांच्या स्पर्धेत पहिले ३० नेम सावकाश, पाचांच्या फेरीस पाच मिनिटे. उरलेले ३० जलद: हात ४५ अंशांच्या खाली, लक्ष्य तीन सेकंद खुले, सात सेकंद बंद, त्या तीन सेकंदांत हात उचलावयाचा, माशी जुळवावयाची आणि एकच गोळी झाडावयाची. पुरुषांच्या जलद स्पर्धेत तर ओळीने उभ्या पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या प्रथम आठ, मग सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत झाडाव्या लागतात.

ह्या सर्वांहून मोठा नियम सुरक्षिततेचा. पिस्तूल भरलेले असो वा रिकामे, नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे. पंचांची आज्ञा झाल्याखेरीज गोळी भरावयाची नाही आणि ‘स्टॉप’ म्हणताच बोट चापावरून निघाले पाहिजे. काम संपले की नळीत भडक रंगाची दोरी घालून ठेवावयाची, म्हणजे आत गोळी नाही हे कोणासही लांबून दिसावे. जेथे शंभर माणसे हत्यारे घेऊन एकत्र येतात ती जागा बाजारातल्या चौकापेक्षाही निर्धोक असते, ती ह्या शिस्तीच्या जोरावर.

नियम दयाळू असतो असे मात्र समजू नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २५ जुलै २०२१ रोजी, हरियाणाच्या मनू भाकर हिच्या हवेच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली. घड्याळ थांबले नाही. घाईने उरलेले नेम पुरे करून तिने ५७५ गुण मिळविले आणि अवघ्या दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. बिघाड तिचा नव्हता, पण पिस्तूल तिचे होते. हत्यार सांभाळणे हाही नेमबाजीचाच भाग, असे नियम म्हणतो. तिने तो निर्णय सोसला, आणि २०२४ साली पॅरिस येथे तिने दोन कांस्यपदके मिळविली. त्यांतले दुसरे सरबजोत सिंग ह्याच्या जोडीने.

मराठी मुलुखात ही परंपरा आहे ती मुख्यतः मुंबई, पुणे आणि कोल्हापूरची. मुंबईच्या अशोक पंडित ह्यांनी १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१३ साली कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषकाचे सुवर्णपदक मिळविले. पिस्तुलात ते मिळविणारी ती पहिली भारतीय. परंतु तिचा खरा कस लागला तो २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत, पालेम्बांग येथे. २५ मीटरांच्या अंतिम फेरीत गुण मोजत नाहीत, १०.२ वा त्याहून सरस नेम असेल तर एक, नसेल तर शून्य. राहीचे ५० पैकी ३४ झाले आणि थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीचेही ३४ झाले. बरोबरी फोडण्यासाठी दोघींनी पाच पाच गोळ्या झाडल्या. पुन्हा बरोबरी, चार-चार. पुन्हा पाच, आणि आता तीन विरुद्ध दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली, ती एका गोळीच्या फरकाने. समोर उभी असलेली बाई तिची वैरीण नव्हती. दोघी एकाच रेषेवर, एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. १७८० च्या कलकत्त्यापासून पिस्तूल किती दूर आले, हे ह्या एका चित्रावरून समजते.

हा खेळ अजून स्वस्त नाही. उत्तम पिस्तुले जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीहून येतात आणि शेतकऱ्याच्या घराला ती सहज झेपत नाहीत. म्हणूनच भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीसारख्या संस्थांचे मोल मोठे. हत्यार आणि शिक्षक तेथे एकत्र मिळतात. तिगावच्या मचाणावर गोफण फिरवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला डोळा आणि हात निसर्गानेच दिलेला असतो. उरलेले शिकावे लागते.

आणि ते शेवटपर्यंत पाळावे लागते. मोठ्या स्पर्धेत शेवटचा नेम झाल्यावरही काही स्पर्धकांना चिठ्ठ्या टाकून थांबवून घेतात. पिस्तूल पुन्हा उचलले जाते, चापाला पुन्हा ५०० ग्रॅमांचे वजन अडकवले जाते, आणि चाप सुटला तर मिळविलेले सारे गुण जातात. नेम लागला की नाही ते लक्ष्य सांगते. नेम पाळला की नाही ते हे लहानसे वजन सांगते.